टिन बिशप्सची दृष्ट

हाउन्सलो,
१४ जानेवारी २००६

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की तुला अक्कल नाही.

काल पोस्टाने एका टीव्हीवाल्या बाईचं पत्र आलं. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. तिला म्हणे टिन बिशप्स या बँडच्या 'विंटर पिअर' या 'अजरामर' गाण्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचाय. गाण्याच्या सुरुवातीला जो 'पूर्वेकडचा गूढ स्त्रीस्वर' आहे तो माझा, असं तिला 'कुटुंबातल्याच एका व्यक्तीकडून' कळलं. तुझे बाबा गेल्यापासून या कुटुंबात व्यक्ती उरल्या तीन. मी सांगितलेलं नाही. अक्षया बिचारी दिवसभर उलट्या काढतेय, तिला कुठला वेळ? राहिलं कोण?

गूढ म्हणे! एअरपोर्टच्या कँटीनमध्ये बटाटे सोलून आलेली बाई, अंगाला तळणाचा वास, आणि म्हणे गूढ. बत्तीस वर्षं हे भिकार गाणं माझ्या मानगुटीवर बसलंय. दातांच्या डॉक्टरकडे तेच, दुकानात तेच, शेजारच्या पोराच्या मोबाइलवर तेच. फुटबॉलच्या मैदानात ढोसून आलेले बाप्ये माझी ओळ गळे काढून म्हणतात. एकाला तरी ठाऊक आहे का, आपण काय बरळतोय ते?

आणि वर ती बाई विचारते, कॅमेऱ्यासमोर ते शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखवाल का. कॅन्सर झाला म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तुझ्या आईचं स्वरयंत्रच काढून टाकलं, हे सांगायचं बरं विसरलास! गूढ स्त्रीस्वर हॉस्पिटलच्या कचऱ्यात गेला, असं कळव तिला. बोलता येत असतं तर मी तुला पानंच्या पानं लिहीत बसले असते का? फोनवरच झापलं असतं. तुझ्या त्या इमेलवर मराठी उमटत नाही, आणि इंग्रजीत रागावण्यात मला काडीची गोडी नाही.

अक्षयाला आलं-लिंबू दे. लोभ आहेच, पण सध्या तो कपाटात बंद आहे.

तुझी,
आई

मँचेस्टर,
२२ जानेवारी २००६

ती. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र अक्षयाने मोठ्याने वाचलं आणि पहिल्याच ओळीला इतकी हसली की त्या दिवशीची उलटी राहून गेली. म्हणजे तुझ्या शिव्यांना औषधी गुण आहे.

चूक माझीच. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत ते गाणं लागलं, सगळे माना हलवायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ही माझी आई. आधी कोणी विश्वासच ठेवला नाही. मग टीममधल्या एकाने ते त्याच्या बहिणीच्या कानावर घातलं, आणि ती निघाली टीव्हीवाली.

पण आई, लोक काय काय समजून बसलेत ते तुला ठाऊक नाही. या गाण्याच्या भक्तांची एक वेबसाइट आहे. तिथे एक प्राध्यापक म्हणतो, ही तिबेटमधली अंत्यविधीची प्रार्थना. दुसरा म्हणतो, चंद्राची आळवणी. तुझ्या ओळीच्या शेवटी जो खोकला ऐकू येतो तो गांजाच्या धुराचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. लीड्सच्या एका माणसाने दंडावर देवनागरीत गोंदवून घेतलंय, 'पाप्याची पापिणीची'. बायकोच्या आठवणीसाठी! मी त्याला अर्थ कळवलेला नाही. माझ्याच्याने ते होईना.

आता खरं बोलतो, रागावू नकोस. हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टचा मला फोन आला होता. तू तिच्याकडे जाणंच सोडलंस. गळ्याला लावून बोलायचं जे यंत्र त्यांनी दिलं, ते अजून खोक्यातच आहे. समोरच्या वैजयंतीमावशी सांगतात, बेल वाजवली तरी तू दार उघडत नाहीस. मी फोन करतो तेव्हा तू उचलतेस, मी एकटाच बोलत राहतो, आणि तू रिसीव्हरवर नखाने वाजवतेस. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जूनमध्ये बाळ येईल. त्याच्याशीही टकटकच करणार आहेस का?

टीव्हीवालीला मी थोपवतो. पण बिशप्सचा तो गिटारवाला कॉलिन, त्याला तुझा पत्ता मिळालाय. साउथहॅम्प्टनहून एकटाच भेटायला येतो म्हणतोय, कॅमेरा-बिमेरा काही नाही. येऊ दे का?

कपाट उघडून लोभाला थोडी हवा लागू दे.

तुझा,
नंदू

हाउन्सलो,
२ फेब्रुवारी २००६

चि. नंदूस,
आशीर्वाद, या खेपेला मोजकेच.

तिबेट! अंत्यविधी! बाळाच्या कानावर उद्या हा कचरा पडायला नको, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

चौऱ्याहत्तरची गोष्ट, तू चार वर्षांचा होतास. तुझ्या बाबांना कोणाचीही दया यायची, त्यांनी आपलं गॅरेज या चार पोरांना तालमीला दिलं. केस खांद्यापर्यंत, आंघोळीशी वैर, आणि वाजवणं असं की वरच्या फळीवरचे डबे खाली यायचे. शेजारची मिसेस पेटिग्रू रोज भिंतीवर झाडू आपटायची. त्या हिवाळ्यात त्यांचं ते एकच गाणं चाललेलं, आणि ते काही केल्या होईना. कधी टेप तुटायची, कधी अँप्लिफायर धूर सोडायचा, एकाची बोटं दारात चेंगरली. ते बंद पाडायचं म्हणूनच मी त्या संध्याकाळी पोळ्या टाकून तरातरा गॅरेजमध्ये गेले. बघते तर तो कॉलिन, हत्तीएवढा मुलगा, खोक्यावर बसून ढसाढसा रडतोय. बाकीचे तिघे भिंतीला टेकून, तोंडं ही एवढीशी.

आता रडणाऱ्या पोरावर ओरडणार कशी? घरात आले, मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, आणि त्यांची दृष्ट काढली. पोरांची काढली, गिटारींची काढली, आणि सगळ्यात शेवटी त्या मेल्या अँप्लिफायरची. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, पाप्याची, पापिणीची, मिसेस पेटिग्रूची, कोणाची लागली असेल दृष्ट तर जळून जाऊ दे. हो, तिचंही नाव घेतलं, मुद्दाम! त्या रेकॉर्डवर ते स्वच्छ ऐकू येतं. पण इंग्रजांचंच आडनाव, आणि एकाही इंग्रजाला आजवर ओळखू आलेलं नाही. सगळंच मंत्र आहे असं एकदा धरून चाललं की कान कशाला लागतात?

इथे निखारे कुठून आणायचे, म्हणून मूठ टाकली पॅराफिनच्या, म्हणजे आपल्या रॉकेलच्याच, हीटरवर. दारं बंद. मिरच्या अशा जळल्या की चौघे खोकून खोकून लोळायला लागले, मीसुद्धा. तो तुमचा गांजा! आणि टेपचं मशीन चालूच होतं, हे त्या बावळटांच्या लक्षातच नाही. त्यानंतर पहिल्याच दमात गाणं झालं. पुढे मोठ्या स्टुडिओत त्यांना गाण्याची सुरुवात काही जमेना, तेव्हा गॅरेजातलीच टेप लावून दिली. मला रेडिओवरच कळलं. बाबांना केवढा आनंद! मी तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आणि ते यंत्र. नंदू, एकदा लावून पाहिलं मी. न्हाणीघरात, कडी लावून. दाढीच्या मशीनसारखं दिसतं आणि तसाच आवाज येतो. 'नंदू' म्हणायला गेले, आणि डबड्यात माशी अडकावी तसं काहीतरी बाहेर आलं. सबंध हाउन्सलोत माझ्या आवाजाचा धाक होता रे. कँटीनमध्ये मी हाक मारली की दुसऱ्या टोकाच्या बाया उठून उभ्या राहायच्या. आता त्या घुंघुंने दुधवाल्यालासुद्धा हाक मारवत नाही. मला लाज वाटते. आता पुन्हा विचारू नकोस.

कॉलिनला सांग, येऊ नये.

तुझी,
आई

मँचेस्टर,
९ फेब्रुवारी २००६

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तू विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. सांगतो.

तुझं ऑपरेशन झाल्यापासून मी ते गाणं गाडीत लावतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून. तुझी ओळ संपून गिटार सुरू झाली की बंद करतो आणि मागे नेतो. तुझा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही, आई. आमच्या लग्नाची व्हिडिओ टेप बघितली, त्यातही सनईच फार. तू ज्याला भिकार म्हणतेस त्या गाण्यातच तू शिल्लक आहेस, तीही चार ओळी, त्याही मिसेस पेटिग्रूला शिव्या घालताना.

मला तो जुना आवाज परत नकोय. तो कुठून मिळणार, तेवढं मलाही कळतं. डबड्यातली माशी चालेल. पण तू मला झापलं पाहिजेस, आणि मी फोन कानापासून लांब धरला पाहिजे. अक्षया म्हणते, बाळ आजीचा नुसता दराराच ऐकून आहे, नमुना त्याला अजून मिळालेला नाही.

आणि एक गुन्हा. कॉलिनला नाही म्हणणं मला जमलं नाही. तो पुढच्या शनिवारी येतोय. त्याने फोन उचलला नाही, त्याच्या बायकोने उचलला. तो फोनवर बोलत नाही म्हणाली. तुम्हां दोघांचं जमेल.

शिव्या पोस्टाने पाठव, मी घरीच आहे.

तुझा,
नंदू

हाउन्सलो,
२० फेब्रुवारी २००६

चि. नंदूस आणि चि. सौ. अक्षयास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो अजरामर कलावंत येऊन गेला. बेल वाजली, मी अर्थात उघडलं नाही. तर गडी बाहेर पायरीवरच बसला, पावसात. अर्ध्या तासाने वैजयंती छत्री घेऊन धावली, तेव्हा लाजेकाजेस्तव दार उघडावं लागलं. केस सगळे गेलेत, पोट सुटलंय, हत्ती मात्र तसाच आहे. मी पाटीवर लिहिलं, मला बोलता येत नाही. तो घर दणाणून जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, छान झालं, कारण त्याला ऐकू येत नाही.

ठार बहिरा झालाय रे तो. तीस वर्षं त्या भोंग्यांसमोर उभं राहून दोन्ही कान गेले. त्याने 'विंटर पिअर' कित्येक वर्षांत ऐकलेलंच नाही. मी लिहिलं, सुटलास. यावर असा हसला की चहा सांडला. त्यालाही ते गाणं डोळ्यांसमोर नको असतं, हे ऐकून मला तो एकदम आवडायला लागला. म्हणाला, याच्याहून चांगली पन्नास गाणी केली, कुत्रं विचारत नाही. त्याच्या वडिलांच्या प्रेतयात्रेलासुद्धा लोकांनी तेच लावलं.

मग विचारलं, त्या शब्दांचा अर्थ काय. सगळं लिहून दिलं, अँप्लिफायर, मिसेस पेटिग्रू, मिरच्या. वाचून त्याचे डोळे भरले. म्हणाला, त्या दिवशी तो गिटार विकून वडिलांच्या हाताखाली गोदीत कामाला लागणार होता. लोक मंत्र म्हणोत नाहीतर आणखी काही, त्याच्या लेखी कोणीतरी पोळ्या टाकून त्याच्यासाठी आलं होतं. एवढं बोलून त्याने मागितलं, एकदा पुन्हा म्हणा. मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्याने कानांकडे दाखवलं, म्हणजे माझी अडचण त्याची नव्हेच.

आता बहिऱ्यासमोर कसली लाज? खोक्यातून यंत्र काढलं. गळ्याला लावलं आणि म्हटली सगळी दृष्ट, पहिल्यापासून. त्याने आपला पंजा माझ्या हातावर ठेवला, यंत्राची थरथर लागावी म्हणून, आणि जिथे माझी ओळ संपली तिथे बरोबर त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर गिटार वाजवायला लागली. एका मात्रेची चूक नाही.

तिथे थांबायचं, तर मला थांबवेना. सहा महिन्यांचं तुंबलेलं होतं. त्या माणसाला मी मराठीत बोलले, तासभर. डॉक्टरांना शिव्या दिल्या, तुला दिल्या, बाबांना मला एकटीला टाकून गेल्याबद्दल दिल्या. रडले, पुन्हा बोलले. घुंघुं घुंघुं. तो चहा पीत होता आणि मान डोलवत होता, जणू सगळं समजतंय. वैजयंती दारात उभी राहून ऐकत होती हे मला मागाहून दिसलं. तिला सगळं कळलं म्हणते, एक शब्द सोडून. तो मी काही सांगितला नाही.

टीव्हीवालीला कळव, नाही. लीड्सच्या माणसाला काही कळवू नकोस, राहू दे बिचाऱ्याचं.

रविवारी सकाळी दहाला फोन कर. आधी अक्षयाला दे. मग तू घे आणि पंधरा मिनिटं मधे तोंड घालू नकोस, कारण माझा पत्ता लोकांना वाटण्याबद्दल मी अजून काहीच बोललेले नाही. आवाज घाणेरडा आहे. हसलास तरी चालेल. रडलास तर मी फोन ठेवून देईन, आणि मग पुन्हा मलाच करावा लागेल.

तुझी,
आई