दादाच्या सीटची उंची

प्रताप नगर, नागपूर

सौ. कामिनीवहिनींना शामलाचा सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आणि दादाचं पित्त दोन्ही शांत असतील, असं धरून चालते. इकडे बाकी सगळे ठणठणीत. फक्त मध्यंतरी माझा उजवा हात अधूनमधून माझा नसायचा.

झालं असं. बदली होऊन पुण्याला जाताना दादा त्याची सायकल माझ्याकडे ठेवून गेला (‘गंजू देऊ नको’ एवढंच म्हणाला), तेव्हापासून मी रोज सकाळी ती चालवते. तेवढी सकाळ सोडली तर दिवसात माझं असं काही नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पुढेपुढे अर्ध्या वाटेतच करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. घरी आले की चहाचा कप हातात आहे की नाही, हे बघून ठरवावं लागे. सासूबाईंनी तिळाचं तेल चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी हॅण्डलवरून हात असा सटकला, की दूधवाल्याच्या गाडीला नमस्कार करून आले. ‘काहून वं, या वयात सायकल कोण चालवते? सोडून दे,’ हा त्यांचा निकाल. ह्यांनी मान डोलावली. सायकल सुटणार या धास्तीनेच मी धंतोलीत फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, सायकल घेऊन या. नेली, थेट दवाखान्यातल्या बाकापर्यंत. यवतमाळकडच्या एका काकांनी सरकून तिलाही जागा दिली आणि विचारलं, ‘हिले काय झालं जी?’ सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘हिले काही नाही झालं गा. हात सुनेचा मरून राहिला, अन् दाखवून राहिली सायकल.’

बाईंनी मला सायकलवर बसवलं (भिंतीला धरून) आणि हसू दाबलं. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच. सीट त्याच्या मापाची, हॅण्डल खाली आणि लांब; म्हणजे मी सायकलवर बसत नव्हते, तळहातांवर टेकून लटकत होते. सगळा भार तिथल्या नसेवर. सीट खाली घ्या, थोडी पुढे सरकवा, हॅण्डल वर, कोपर सैल, मनगट सरळ. एवढंच. ‘मग इतके दिवस सीट खाली का नाही घेतली?’ बाईंनी विचारलं.

काय सांगणार, वहिनी? ती खाली घेतली की दादा आता परत यायचा नाही, हे मीच मान्य केल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, पाना नव्हता.

आता बोटं जागी असतात. सासूबाईंनी तेलाची बाटली वर ठेवली, थोड्या नाराजीने.

तुमची,
शामला

ता. क. दिवाळीला आलात की दादा सायकल मागेल. आता तिच्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागतील, असं तुम्हीच आधी सांगून ठेवा. माझ्याच्याने त्याला नाही म्हणवणार नाही.

आणखी ता. क. सीटच्या दांडीवर जुन्या उंचीला नेलपॉलिशची रेघ मारली आहे. सीट खाली गेल्यावर ती नळीत गेली, कुणाला दिसत नाही. त्याला सांगू नका. कधी कायमचे आलात, तर पाना घरातच आहे.