अहवालात नसलेला भिका

६ मे १९७४
आज मीटिंग. खरीखुरी! ह्यांच्यामागे मला डायरेक्टर केलं तेव्हापासून रजिस्टर घरी येतं, मी सही करते, की झाली मीटिंग. ह्या वेळी मीच सुरतेला, पांडेसऱ्याच्या गिरणीत गेले. वार्षिक अहवालाचा मसुदा वाचला. रंगखात्यात वाफेचा नळ फुटून कामगार भिका गेला, त्याबद्दल इंग्रजीत एवढंच की कामात किरकोळ खंड पडला. म्हटलं, माणूस गेला असं सरळ लिहा. नावानिशी, कामावर असताना. ह्यांचे भागीदार जयंतीभाई हसले. “बेन, आमां तमारे शुं जोवानुं? चा पियो.” ह्यात मी काय बघायचं, चहा प्यावा म्हणे. प्यायले. मूर्खासारखी.

११ मे
भिकाची बायको कमल आली होती. कंपनी म्हणते, पाळी संपली होती, तो आपखुशीने आत गेला, म्हणून भरपाई नाही. छापील अहवालात आलं तर कुणाला नाकारता यायचं नाही. छापून आणते, असा शब्द देऊन बसले.

१५ मे
जयंतीभाई चक्क कबूल! “लखी नाखीशुं, बेन.” लिहून टाकतो म्हणाले. बरं वाटलं.
उद्या धुळ्याला, भाचीचं लग्न. बांधाबांध अर्धी राहिलीय. कंपनीचे कारकून मेहताजी रजिस्टर घेऊन आले. नेहमीसारख्या चार कोऱ्या पानांवर सह्या करून दिल्या.

२ जून
परतले. अहवाल छापून आलाय. किरकोळ खंड तसाच. रजिस्टर मागवलं. माझ्या सहीच्या वर लिहिलंय, ‘अहवाल आहे तसा मंजूर करावा, असा ठराव श्रीमती शालिनीबाईंनी मांडला.’ मी! तारीख लग्नाच्या दिवसाची; तेव्हा मी धुळ्यात मांडवामागे भरताची वांगी भाजत होते.
जयंतीभाई : “सही तो तमारी ज छे ने?”
आहे. मॅट्रिक झालेली बाई, आणि कोऱ्या कागदावर सही. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. ह्यांनी तरी दुसरं काय शिकवलं?

८ जून
कमल. दारातूनच, “वहिनी, मन्हा धनीनं नाव शे ना त्यामा?”
अहवाल तिच्या हातात दिला. अक्षरओळख नाही. पानं उलटत गेली, शेवटच्या पानावर ठळक छापलेल्या नावावर बोट ठेवलं. “हाई शे का?”
“ते माझं.”
अहवाल पदराखाली घेऊन गेली. चाळीतल्या मास्तरांकडून वाचून घेणार म्हणाली.