नखाएवढी नंबरप्लेट

अप्पा,

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही लिहिलं नाही, कारण लिहायला बसले तर आधी एकच गोष्ट लिहावी लागेल हे मला ठाऊक होतं. तुमचा हात थरथरायला लागला तेव्हा तुमच्या छोट्या गाड्यांवरचे आकडे तुम्ही झोपल्यावर मी पुसत होते आणि पुन्हा नीट रंगवून ठेवत होते. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं असं मला वाटतं, पण वाटणं वेगळं आणि माझ्या तोंडून तुम्ही ऐकणं वेगळं.

परंड्याच्या स्टँडसमोरची पत्र्याची टपरी, दोरीवर वाळत टांगलेल्या नंबरप्लेटा आणि आत स्टुलावर बसलेले तुम्ही. सगळा गाव तुम्हाला पेंटर म्हणायचा. साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांनी गाडीची प्लेट रंगवून घेतली आणि जाताना एक खोका तुमच्या हातात ठेवला, सुटे भाग जोडून हातावर मावेल एवढी गाडी करायचा. "माझ्या मुलाला यात गोडी नाही, पेंटर. तुमच्या हाताला जमेल." तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण आईनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथंच बसले होते असं वाटतं. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लागलेले शंभरेक बारीक भाग आणि परक्या भाषेतला कागद. तुम्ही म्हणालात, "वाचाया कशाला पायजे? चित्रं हायती की." चौकटीला तुम्ही फांदी म्हणायचात आणि भागांना घाटे. हरभऱ्याच्या डहाळ्याचे घाटे तोडावेत तसे नेलकटरनं एकेक तोडायचे, पाणीपेपरवर घासायचे, सोल्युशन लावून आईच्या कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवायचे. त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं. "डाव्या अंगाला बसून परंड्यात कोण चालवील?" म्हणून तुम्ही आतली फळी कापून स्टिअरिंग उजवीकडं नेलं. आठ दिवसांनी गाडी तयार झाली. आईनं ती हातावर घेतली, खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाली, "स्टेरिंग हिकडं अन् ब्रेक तिकडं? मग ब्रेक दाबायचा कुणी, शेजारच्यानं?" पायातली पेडलं हलवायची राहूनच गेली होती. तुम्ही आठवडाभर त्यावर हसत होता म्हणे.

मग ते वेड लागलंच. वर्षाला दोन खोके पुण्याहून यायचे, ओळखीच्या कंडक्टरकडून, पिशवीत गुंडाळून. आई कुणी पाहुणा आला की कपाटाकडं बोट करायची, "लोकांची माणसं गाड्या घेत्यात, आमचं माणूस गाड्या चिकटवतंय." पण रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून गाडीवर भाकरीची दुरडी तीच उपडी घालायची. माझा भागाकार तुमच्या गाड्यांवर झाला. खऱ्या गाडीपेक्षा चोवीस पट लहान, एवढं एकच माप तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते सगळ्या जगाला लावायचात. मी दारात उभी, डोक्यावर तुमची पट्टी. "चार फूट. म्हंजी अठ्ठेचाळीस इंच. चोवीसनं भाग." मी म्हणते, दोन. तुम्ही अंगठा आणि बोट दोन इंचांवर धरता आणि त्यांच्यामधून माझ्याकडं बघता. "एवढी हायेस तू. मागच्या शिटावर बसशील, खिडकीजवळ."

सगळ्यात शेवटी नंबरप्लेट. खोक्यात तयार चिकटवायच्या प्लेटा असायच्या, त्या तुम्ही सरळ चुलीत टाकायचात. पांढरी प्लास्टिकची नखाएवढी पट्टी घासून काडीच्या टोकाला चिकटवायची आणि तिच्यावर हातानं एमएच पंचवीस लिहायचं. दुनियेतली कुठलीही गाडी असो, तुमच्या टेबलावर आली की आपल्या जिल्ह्याची व्हायची. त्यासाठीचा ब्रश तुम्ही स्वतः करायचात, केस उपटत उपटत तीनच उरेपर्यंत. करंगळी त्या काडीवर टेकवायची, श्वास सोडायचा आणि श्वास संपायच्या आत आकडा संपवायचा. मी दहा वर्षांची असताना तुम्ही तो ब्रश माझ्या हातात दिलात. त्याच दिवशी मी एका गाडीची पुढची काच जोरानं दाबून तडकवली होती आणि तुमची बोलणी खाल्ली होती. "जोर लावायचा न्हाय. बसत नसंल तर आपलंच कायतरी चुकलंय, काचंचं न्हाय." मी रडायला लागले, म्हणून ब्रश दिलात. तुमच्या बोलण्यानंतर नेहमी काहीतरी हातात यायचं.

मी नववीत होते त्या वर्षी तुमच्या हातातली कपबशी आधी वाजायला लागली आणि मग चहा सांडायला लागला. टपरीवर तुम्ही चष्म्याचं कारण सांगू लागलात. तसंही लोक रेडियमच्या प्लेटांकडं वळले होते, त्यामुळं कुणी फार विचारलं नाही. बार्शीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सोलापूरला नसांच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा, असं बजावलं. तारीखही ठरली होती. तुम्ही दुकान दुपारनंतर बंद ठेवायला लागलात आणि घरी टेबलाशी बसायला लागलात. टेबलावर एक निळी गाडी होती, दोन दारांची, लांब नाकाची.

तो शनिवार. सकाळची शाळा सुटून मी घरी आले. तुम्ही जेवून टेबलाशेजारी चटईवर झोपलेले. आई शेजारी पापड लाटायला गेलेली. निळ्या गाडीची प्लेट काडीच्या टोकाला लावून वाळत ठेवली होती. थिनरचे काळे बोळे तिच्याभोवती पडले होते, म्हणजे तुम्ही पाच-सहा वेळा तरी पुसून काढली असेल. दोनच्या आकड्याची मान मोडली होती. पाच तर ओळखूच येत नव्हता. मी उभ्या उभ्या दुसऱ्या एका काडीला कापूस गुंडाळला, थिनरमध्ये बुडवला, प्लेट पुसली. करंगळी टेकवली. श्वास सोडला. फार तर दहा मिनिटं लागली. ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि मी अभ्यासाला बसले.

तुम्ही उठलात. चूळ भरून टेबलाशी गेलात, भिंग उचललंत. मी पुस्तकाआडून बघत होते. तुम्ही प्लेट डोळ्यांजवळ धरलीत, लांब नेलीत, पुन्हा जवळ आणलीत. मग दारात जाऊन आईला हाक मारलीत. इतक्या मोठ्यानं तुम्ही कधी कुणाला हाक मारत नव्हता. आई पिठाचे हात घेऊनच धावत आली. "काय झालं?" तुम्ही प्लेट तिच्यापुढं धरलीत. "बघ. म्याच काढलाय. काढताना वाकडा वाटला व्हता, पर बघ की. गोळी लागू पडली." आईला त्यातलं काही दिसलं नसणार, पण तिनं तुमचा चेहरा बघितला आणि पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. पण तुम्ही दोघं दारात उभे होता, उजेडात, आणि आई हसत होती.

मग मला थांबता आलं नाही. त्या गाडीच्या दारावरची चंदेरी रेघ मी काढली. मागची प्लेट काढली. त्यानंतरच्या गाडीचे वायपर तुम्ही तिरके चिकटवले होते, ते सोडवून सरळ बसवले. तुमचा हात सुधारतोय ही बातमी आईनं मामांना फोनवर सांगितली. सोलापूरची तारीख आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "कशाला जायचं? हाताला काय झालंय?" आणि मी ताटावर बसून ते ऐकलं आणि भाकरी मोडत राहिले.

दोन महिन्यांनी, हात सुधारला या भरवशावर, तुम्ही टपरीवर मोठं काम घेतलंत. एका कुटुंबानं नवी ट्रॉली आणली होती, ट्रॅक्टरला हार, नारळ फोडलेला, त्यांची म्हातारी आजी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी. मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' लिहायचं होतं. मी क्लासहून येत होते, गर्दी बघून थांबले. तुम्ही खडूनं आखणी केलीत, लाल रंगात ब्रश बुडवलात. पहिल्या 'आ'चा कानाच फळीवर लाटेसारखा उतरला. पुसलात. पुन्हा तसाच. शेजारचा चहावाला त्याच्या टपरीतून ओरडला, "पेंटर, आशीर्वादाला पाणी आलंय का काय?" दोघं-तिघं हसले. तिसऱ्यांदा तुम्ही डाव्या हातानं उजवं मनगट धरलंत आणि मग दोन्ही हात हलायला लागले. ट्रॉलीचा मालक हळूच म्हणाला, "राहू द्या, पेंटर. आम्ही रेडियमचं लावून घेतो." त्यांची आजी त्याच्यावर चिडली. "गप रं. आमाला कसली घाई हाय? काढ बाबा, सावकाश काढ. आमी थांबतो." सगळे थांबले. अप्पा, हसणाऱ्यांपेक्षा ते थांबलेलं कुटुंब मला अजून दिसतं. तुम्ही रंगाचा डबा झाकलात, आजीला हात जोडलेत आणि घराकडं निघालात. मी पिंपळाच्या पाराआड उभी राहिले. तुमच्यापुढं आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही झोपला नाहीत. मी मोरीकडं भांडी घेऊन निघाले तेव्हा तुम्ही टेबलाशी बसला होता. एका बाजूला दहा वर्षांपूर्वीची पांढरी गाडी, दुसऱ्या बाजूला निळी, आणि भिंग एकीवरून दुसरीवर जात होतं. तुमच्या पाचाची टोपी, वरची आडवी रेघ, नेहमी थोडी वर उचललेली असायची. माझी सपाट होती. आयुष्यभर आकडे काढलेल्या माणसाला ते न दिसणं शक्य नव्हतं. तुम्ही भिंग खाली ठेवलंत. माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुझा हात चांगला हाय, पोरी." एवढंच. मी म्हणायला हवं होतं, व्हय, मीच केलं. मी म्हणाले, "भांडी घासून येते."

सोलापूरला आपण चार महिने उशिरा गेलो. डॉक्टरांनी तुम्हाला बोट नाकाला लावायला सांगितलं, चालायला लावलं, आणि विचारलं, "बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? आधी का नाही आलात?" मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. तुम्ही म्हणालात, "कामात व्हतो, सायेब." आधी आलो असतो तर काय झालं असतं, याबद्दल मी पुढं शिकल्यावर बरंच वाचलं. हा आजार बरा होत नाही, चार महिन्यांनी फार फरक पडला नसता, असं पुस्तकं सांगतात. पुस्तकांत ट्रॉली नाही. त्यानंतर तुम्ही एकही खोका मागवला नाहीत. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ धरला आणि तुम्ही गेलात.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आपल्या घरात पदवीचा फोटो पहिला माझाच लागला, तुमच्या फोटोखाली. आता बेंबळीजवळच्या एका शाळेत शिकवते. मुलांना विज्ञान हातानं करून समजलं पाहिजे यावर माझा विश्वास आहे आणि तो मी सगळ्यांना ऐकवत असते. मीही वर्षाला एक खोका घेते. पेडलांसकट स्टिअरिंग उजवीकडं नेते. तर मागच्या आठवड्यात आमचं प्रदर्शन होतं. सातवीतल्या एका मुलीनं पुठ्ठ्याचा टेम्पो केला होता, तिच्या वडिलांचा. चाकं अंड्यासारखी, टेम्पो एका अंगाला कललेला. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थांबले, वाटीनं गोल आखून नवी चाकं कापली, आस सरळ केला. चांगला दिसत होता. सकाळी ती आली, टेबलाभोवती फिरली. "बाई, माझा टेम्पो कुठंय?" मी म्हटलं, "हा काय, तुझ्यासमोर." तिनं वाकून बघितलं. "ह्यो माझा न्हाय." रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. पाहुणे आले तेव्हा टेम्पोजवळ कुणीच उभं नव्हतं. दुपारी मी कचऱ्याच्या डब्यात तिची जुनी चाकं शोधली. एकच सापडलं. ते घेऊन तिच्याकडं गेले आणि म्हणाले, "मी चुकले. तुला न विचारता केलं." तेवढं वाक्य बोलायला मला तेरा वर्षांहून जास्त लागली आणि ते बोलले दुसऱ्याच माणसाशी.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. आई वाचेल तर म्हणेल, तुझ्या अप्पांना तेवढे दोन महिने तरी सुखाचे दिलेस. ती मला माफ करून टाकेल, आणि मला तशी फुकटची माफी नको आहे. कारण तिला अर्धंच कळेल. तुमचं मन मोडू नये म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्या शनिवारी मला तुमची दया आली नव्हती, अप्पा. मला तो वाकडा पाच बघवत नव्हता, आणि माझा सरळ येतो हे मला माहीत होतं. आणि तुम्ही "तुझा हात चांगला हाय" म्हणालात, तेव्हा मी मोरीत बराच वेळ पाठ फिरवून बसले. आईला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. मला आनंद झाला होता.