परत आणतो म्हणून नेलेला पाळणा

प्रिय भिंगरी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, म्हणजे तू मजेत असशील असं मी धरून चाललोय. माझं बरं चाललंय. आई गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो रेडिओ, आणि तोही हल्ली खरखरतो. संग्रहालयात तरी काय वेगळं? बाबांनी डोंगरातल्या वस्त्यांवरून जमवलेल्या वस्तूंचं दालन माझ्याकडे आहे. तिथे चिटपाखरू फिरकत नाही. बाबा दौऱ्यावरून आले की आपण त्यांच्या पोत्यांवर तुटून पडायचो, आठवतं? एकदा मुखवटा लावून तू मला असं घाबरवलंस, की आई म्हणाली, "यांच्यात थोरला कोण नि धाकटी कोण, कळेनासंच झालंय."

गेल्या आठवड्यात दालनात एक म्हातारी आली. सोबत तिच्या गावचे मास्तर होते. बाकी कशाकडे न बघता ती थेट वेताच्या पाळण्यापाशी गेली आणि काचेवर तळहात टेकून उभी राहिली. एरवी मी हटकतो, पण तिच्या शेजारी नुसता जाऊन उभा राहिलो. पाटीवर 'ग्रामस्थांकडून भेट' असं लिहिलंय. मास्तरांनी ते तिच्या भाषेत सांगितलं, तशी ती ताडकन काहीतरी बोलली. मास्तर चाचरत म्हणाले, "ती म्हणते, दिला नव्हता. परत आणतो म्हणून नेला होता."

मी तिला बसवलं, चहा मागवला. मग हळूहळू सगळं निघालं. त्या वर्षी वस्तीवर तापाची साथ होती. ती स्वतः बेशुद्ध होती. तान्ह्या मुलीलाही ताप चढला, तेव्हा वस्तू गोळा करायला आलेल्या साहेबाच्या गाडीत लोकांनी तिला पाळण्यासकट ठेवलं. बरी झाली की आणून सोडतो, असा त्यानं शब्द दिला. ही बाई त्यातून उठली. वाट बघत राहिली. पुढे साहेबाचा निरोप आला, मूल वाटेतच गेलं. आता निदान पाळणा तरी डोळ्यांनी बघावा, म्हणून ती इतक्या लांब आली होती.

त्या पाळण्यातून तू आपल्या घरी आलीस, हे तुझ्यापासून कुणी लपवलं नव्हतं. पण तुझी आई तापात गेली, मागे कुणी उरलं नाही, असं बाबा सांगायचे. तिला एक सांगितलं, आपल्याला दुसरं. आपल्या आईला तुला सोडवेना, की त्यांनाच? रागानं विचारायला जावं, तर बाबा आहेत कुठे?

मी तिला सांगितलं. ती रडली नाही. मास्तरांकडून एवढंच विचारलं, "पोटभर जेवते ना?"

फोन दोनदा उचलून ठेवून दिला, म्हणून लिहितोय. मास्तर परत गेले. ती तुझ्या खोलीत आहे. आमचं खुणांनी चालतं. तुझ्या फोटोतल्या भुवयांवरून ती बोट फिरवत बसते, आणि त्या भुवया तिच्याच आहेत. तुला धाकटी म्हणायचा हक्क मला उरतो का, हे नंतर ठरव. आधी ये.

अजून तरी तुझाच,
दादा