शिंगराचं पहिलं दूध

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आज पहाटे आमच्या तबेल्यातली काळी घोडी व्याली. शिंगरू गोड आहे, पण ती त्याला जवळच येऊ देईना. त्याने दुधाला तोंड लावलं की लाथ झाडायची. पहिला चीक वेळेत पोटात गेला नाही, तर शिंगरू वाचणं कठीण. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांच्या बरगड्या गेल्या महिन्यात हिनेच मोडल्या, म्हणून आत मलाच जावं लागलं. हे बाबांना सांगू नकोस.

मी आत जाऊन तिची म्होरकी, म्हणजे तोंडाची दोरी, आखडून धरली. "तिच्याशी बोलत राहा," काका दारातून म्हणाले. काही सुचेना, म्हणून धाकटीला निजवताना तू जे बडबडायचीस तेच बोलत राहिले. हळूहळू तिचं लाथ झाडणं थांबलं आणि शिंगरू चुटुचुटु प्यायला लागलं.

तेवढ्यात घोडीने तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं. ती माया होती की चावायची तयारी, कळेना. शिंगराचं पोट भरेपर्यंत मी जागची हलले नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? धाकटी जेवते ना नीट?

शिंगरू पुन्हा भुकेने ओरडतंय. आत जायला हवं.

तुझी,
थोरली