कुटुंब माझ्यासोबत राहत आहे

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा नौदलाच्या कार्यालयातून पत्र आलं. माझ्या निवृत्तीची कागदपत्रं पुरी करताना परदेशातल्या तीन वर्षांचे भत्ते पुन्हा तपासत आहेत. माझा आणि तुमच्या सुनेचा जुना पासपोर्ट मागितला आहे. तेव्हापासून घास उतरत नाही. ती विचारते, "काऊन जी, बरं नाई वाटून राह्यलं काय?" मी पित्ताचं नाव सांगतो.

आमची लहानशी तुकडी तिकडच्या नौसैनिकांना शिकवायला गेली होती. पगार इथलाच, वर परदेश भत्ता. बायको सोबत असेल तर तो जास्त. ती ठरावीक दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिली तर कमी. दर तीन महिन्यांनी एका ओळीखाली सही करायची, की कुटुंब माझ्यासोबत राहत आहे. तुम्ही इकडे आपल्या गावी, सावलीला, अंथरूण धरलं, ती तुमचं करायला आली आणि पाच महिने राहिली. मी ती ओळ वाचून सही करत राहिलो. दवाखान्याला पैसे लागत होते हे खरं, पण कमी भत्त्यातही भागलं असतं.

मी चार दिवसांच्या रजेवर आलो तो दिवस. तुम्ही खाटेवर टेकून बसला आहात, ती तुम्हाला पेज पाजते आहे. तुम्ही सहज विचारता, "सून इथी हाय, मंग तिचा तिकडचा पैसा बंद झाला असन?"

"नाई बाबा, चालूच हाय."

तुम्ही हातानं वाटी बाजूला सारता. जंगल खात्याच्या डेपोत तुम्ही तीस वर्षं मजुरांची हजेरी मांडली. बांबू तोडणारा समोर उभा राहिल्याशिवाय त्याच्या नावापुढे खूण केली नाही, तो साहेबाचा माणूस असला तरी. ती वाटी ठेवायला आत गेली तेव्हा हळूच म्हणालात, "माह्या दुखण्याच्या आडून खोटी हजेरी लावली तू. लिहून दे त्याईले." मी हो म्हणालो. परत जाऊन अर्ज लिहिला आणि फाडला.

आता चौकशी होईल, पेन्शन अडकेल, ही भीती आहेच. पण तिला हे कळेल, ही भीती त्याहून मोठी आहे. सासऱ्याचं केलं ते पाच महिने, एवढी एकच गोष्ट ती गावात मान वर करून सांगते. त्याच दिवसांत मी तिला कागदावर तिकडे बसवलं होतं.

आत्ता ती पेटी उपसून बसली आहे. "तुमचा भेटला, माहा कुठी ठेवला जी?" तो माझ्या खिशात आहे, तिच्या येण्याजाण्याच्या शिक्क्यांसकट.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही गेल्याचा फोन तिकडे आला, तेव्हा रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. हे ठाऊक असलेलं कोणी उरलं नव्हतं.

हा कागद संपला की आत जाऊन तिला सांगायचं, असं ठरवलं आहे. म्हणूनच तो इतका लांबवला.