चिमणीचा अर्ज

३ मे
आजपासून चिमणीला दुकानात गल्ल्यावर बसणं माफ! विद्यापीठाच्या अर्जासोबत ‘स्वतःविषयी’ एक पान लिहायचंय, शनिवारपर्यंत. म्हणून खिडकीजवळचं टेबल तिचं, पंखा तिचा. मी आहेच चष्म्याच्या काचा घासायला. बाबांचा हात थरथरू लागला तेव्हा थोरली म्हणून शिक्षण माझं सुटलं. धाकटीला कुणी विचारलं तरी होतं का?

४ मे
बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, धाकटी विद्यापीठात चाललीय. अजून अर्जाचा पत्ता नाही! जळते मी. लिहूनच टाकते — जळते. आणि वर तिला चहाही नेऊन देते.

६ मे
पान झालं. चिमणीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, “ताई, खटकेल ते सरळ बदल. मी परत वाचत बसणार नाही.”

वाचलं आणि कानशिलं तापली. बेकरीवाल्या काकांची गोष्ट! त्यांच्या गोल फ्रेममध्ये मी डावी काच उजवीकडे बसवली होती, उजवी डावीकडे. आठवडाभर त्यांचं डोकं दुखलं, पण तक्रार केली नाही — पोरीला बोलणी बसतील म्हणून. मला कळलं तशी मी त्यांच्या घरी गेले, चूक कबूल केली, तिथेच बसून काचा बदलल्या. हे मी फक्त चिमणीला सांगितलं होतं, रडत रडत. आणि तिच्या पानावर काय? मी काच बसवली, मी त्यांच्या दारात उभी राहिले. मी, मी आणि मी! आयत्या बिळावर नागोबा. हिने दुकानात साधा स्क्रू कधी पिळला नाही.

लिहिलंय मात्र सुंदर. तेच जास्त खुपतंय. माझीच गोष्ट, पण मला अशी लिहिता आली नसती.

७ मे
बदललं! काकांना अख्खं काढून टाकलं. त्या जागी — ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे. मला वाचनाची आवड आहे.’ एवढं तर पोपटही बोलेल. चिमणीने खरंच वाचलं नाही, पाठवून मोकळी झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

८ मे
सकाळपासून माझ्याकडे बघून गालात हसतेय. कारण सांगत नाही. जेवण गेलं नाही मला.

२१ मे
विद्यापीठाकडून पोच आली. चिमणीने फोन माझ्या हातात दिला. अर्ज संध्याकाळच्या वर्गांसाठी. नाव माझं.

तिचा स्वतःचा अर्ज तिने आधीच पाठवला होता. मग माझी गुणपत्रिका कपाटातून काढून हा दुसरा भरला, आणि ते पान त्यालाच जोडलं. बाबांनाही ठाऊक होतं. चिमणी म्हणाली, “तू आपणहून कधीच भरला नसतास. आणि गोष्ट तुझी, तूच तपासलीस, मग काळजी कसली?”

हो, म्हटलं. नीट तपासली.